पहिल्या नंबरचं भांडण

"आज आधी तुम्ही बोला, सर," निर्माती कानसेनांना म्हणाली आणि तिथंच घोटाळा झाला.

कानसेन हे नाव त्यांना स्टुडिओतल्या लोकांनी लाडानं दिलेलं. गिटारची तार जराशी उतरली तरी त्यांना कळायची. पण ढणढणत्या स्पीकरांपुढे उभा जन्म काढला आणि कानांचा पार बोऱ्या वाजला. आता ते ओठ वाचून दिवस ढकलत होते. हे फक्त बायकोला ठाऊक.

"सांगून टाका की एकदाचं," ती म्हणायची.

"बहिऱ्याला कोण बोलावणार गं? घरी माशा मारत बसू?"

हार्ड रॉकमधलं सर्वांत भारी गाणं कुठलं, यावर रेडिओसाठी वाद घालायचा, असा हा कार्यक्रम. समोर समीक्षक. दोघांचा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा, त्यामुळे कानसेनांची युक्ती सोपी होती. समीक्षक आधी बोलायचा. तो डोक्यावर घेईल ते गाणं आपण आपटायचं, तो आपटेल ते डोक्यावर घ्यायचं. श्रोते खूश, संशय कुणालाच नाही.

आणि आज ही बया म्हणते, आधी तुम्ही!

त्यात गाणं नव्या बँडचं. जुनं असतं तर आठवणीवर तरी निभावलं असतं.

दोघांनी हेडफोन चढवले. काचेपलीकडून निर्मातीनं बोट वर केलं, म्हणजे गाणं सुरू. अंदाज घ्यावा म्हणून कानसेनांनी समीक्षकाकडे पाहिलं, तर तो त्यांच्यावरच नजर रोखून बसलेला.

ओळखलं की काय मेल्यानं?

बोट खाली आलं, दोघांनी हेडफोन उतरवले. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

"ड्रम्स," जिवावर उदार होऊन कानसेन म्हणाले. "असे ड्रम्स कित्येक वर्षांत ऐकले नाहीत. पहिला नंबर याचाच!"

एवढ्यात समीक्षकाच्या पाठीमागचं दार उघडलं. निर्माती धावतच आत आली. कानसेनांनी तिचे ओठ वाचले.

"सॉरी, सॉरी! हेडफोनची वायरच निघालीये. तुम्हा दोघांना गाणं ऐकूच आलं नसणार!"

संपलं. आता समीक्षक खदाखदा हसणार आणि गावभर करणार.

समीक्षकानं टेबलावर मूठ आपटली.

"ड्रम्स? अरे, त्या ड्रम्सनीच तर गाण्याची वाट लावली! अजून घुमतायत माझ्या कानात!"