शेवटची अंघोळ

वरवंट्याचा घाव बसला आणि चन्नवीरच्या हातातून सौम्याची मान सुटली. तो गच्चीच्या जिन्यावरून गडगडत गेला आणि खाली न्हाणीच्या दाराशी जाऊन पडला.

दिलमायानं आधी पोरीला छातीशी धरलं. अडीच वर्षांच्या त्या जिवाच्या गळ्यावर बापाची बोटं उमटली होती. मग तिनं वरवंटा धुऊन पाट्यावर ठेवला. चटणी अर्धीच वाटून झाली होती.

परसातून अप्पा धावत आले. मडिवाळप्पा, तिचे सासरे. भालकीला एकटेच राहत, आणि रविवारी नातीला बघायला बीदरला येत.

“काय झालं?”

“जिन्यावरून पडले. तोंडावर.” ती पोरीला घेऊन खाली आली होती. चन्नवीर निपचित पडला होता.

अप्पांनी वाकून लेकाकडं पाहिलं. मग नातीच्या गळ्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ. “पोरीला घिऊन पवित्राकडं जा. मी बघतो.”

पवित्रा शेजारीण. पोरीला तिच्याकडं ठेवून, तिच्या नवऱ्याला, संगमेशला घेऊन दिलमाया परत आली, तेव्हा अप्पा लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

“गेला,” ते म्हणाले.

“गाडी काढू का, अप्पा? दवाखान्यात नेऊ,” संगमेश म्हणाला.

“मेलेल्याला दवाखाना कशाला? पिऊन पडला. आनखी किती अब्रू घालवायची?”

संगमेश मंत्र म्हणायला स्वामींना बोलवून आणायला गेला.

दिलमाया नेपाळची. कतारला एका हॉटेलात ती कपडे धुवायची आणि चन्नवीर गाडी चालवायचा, तिथंच जमलं. लग्न करून त्यानं तिला बीदरच्या मैलूर भागात आणलं, गावाबाहेर कोळारच्या कारखान्यांकडं एका गोदामात कामाला लागला, ते काम सुटल्यावर बाटलीला लागला. पहिल्या वर्षी ती भाकरी थापायला शिकली, दुसऱ्या वर्षी मार खायला. गल्ली तिला नावानं हाक मारत नसे, नेपाळीच म्हणे. मात्र पट्ट्याचा आवाज आला की टीव्ही मोठा करण्याइतकी माणुसकी गल्लीनं जपली होती.

माहेरी जाते म्हटलं की चन्नवीर दात काढायचा. “तू जा की तुझ्या देशाला. पोरगी हितंच ऱ्हाईल.” पोरीला घेऊन ती दोनदा बसस्टँडपर्यंत पोचली होती. दोन्ही वेळा त्यानं केसाला धरून परत आणलं. दुसऱ्या वेळी तिचे पुढचे दोन दात पाडले.

आता फक्त संध्याकाळपर्यंत दम धरायचा होता. तिच्या गावात नदीकाठी सरण रचत, आणि राख कुणाची चहाडी करत नाही. मग पोर घेऊन ती गाडीत बसणार होती. नवरा मेल्याचं तिला वाईट वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याची लाजही वाटत नव्हती.

“लाकडं कोन आनायलंय?” तिनं सौम्याला निजवून आलेल्या पवित्राला हळूच विचारलं.

पवित्रानं डोळ्यांना लावलेला पदर काढला. “लाकडं कशाला गं अक्का? आपल्या लिंगायतांत जाळत न्हाईत. बसवून पुरतेत. आधी डोस्क्यापासनं न्हाऊ घालतेत, मग अंगाला इबुतीची राख लावतेत.”

सासू दिलमाया येण्याआधीच गेली होती. या घरातलं मरण तिनं पाहिलंच नव्हतं.

तोंडावर पडला, असं ती सगळ्यांना सांगून बसली होती, आणि खोक होती डोक्याच्या मागं. न्हाऊ घालणाऱ्याचा हात तिथं पोचला की ती तुरुंगात आणि पोर लोकांच्या दारात.

चन्नवीरला न्हाणीत भिंतीला टेकवून बसवलं. संगमेश बाह्या सारून पुढं झाला.

“तू ऱ्हाऊ दे,” अप्पा म्हणाले. “माझं लेकरू हाय, मी न्हाऊ घालतो. समदे भायेर व्हा. माया, तू पानी वत.”

दार लोटलं गेलं. तिनं तांब्या भरला. ती पाणी ओतत राहिली. अप्पांनी लेकाचं तोंड धुतलं, खांदे धुतले. मग त्यांची बोटं मानेवरून केसांत गेली आणि थांबली.

बाहेर स्वामींनी मंत्र सुरू केले होते.

“अप्पा, त्यांनी सौम्याचा गळा...”

“ठावं हाय.” अप्पांनी खोकेत इबुत भरली, डोक्याला पटका गुंडाळला आणि गाठ आवळली.

दिलमायाला रडू फुटलं. “माझ्या हातानं मेले ते, अप्पा.”

“न्हाई. तू पवित्राकडं गेलीस तवा त्यानं डोळं उघडून पानी मागितलं,” अप्पा म्हणाले. “मी त्याचं नाक-तोंड दाबून धरलं.”