पुण्याचे अबोल पाहुणे

"तुम्ही काहीच घेत नाही बुवा!" म्हणत कुणीतरी शमुवेलच्या हातात आणखी एक पेढा ठेवला, आणि दुसऱ्या कुणीतरी तोच हात धरून जोरजोरात हलवला. पेढा दोघांच्या तळव्यांत चिरडला.

शमुवेलने हात रुमालाला पुसला आणि मंडपाच्या दाराकडे पाहिलं. दार फार लांब होतं.

नगरला हातमाग कापडाच्या व्यापाऱ्यांची परिषद भरली होती. सोलापूर, मालेगाव, येवला, संगमनेर, कुठकुठून माणसं लोटली होती. लढाई संपली तरी सुतावरचा सरकारी कंट्रोल उठला नव्हता, सूत परवान्यावरच मिळे, म्हणून जो तो ओळखी वाढवायच्या मागे होता. भेटेल तो आधी खांद्यावर हात टाकी आणि मग नाव विचारी. डोक्यावर कर्णा खरखरत होता. त्यामुळे साधी विचारपूससुद्धा भांडल्यासारखी ओरडून करावी लागे.

शमुवेलला माणसांचं वावडं नव्हतं. एका वेळी एक माणूस त्याला चालत असे. पण हा सगळा बाजार अंगावर आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

पुण्यात त्याने साहेबांना सांगूनही पाहिलं होतं, "दुसऱ्या कुणाला पाठवा. मला ओळखी काढणं जमत नाही."

"जमवायचं," साहेब म्हणाले होते. "मंडपात शिर, माणसांत मिसळ. कोपरा धरून उभा राहिलास तर हात हलवत परत येशील."

सकाळपासून तो मिसळत होता. एका घोळक्यात शिरला, तर तिथला विनोद संपलेला. सगळे हसून झाल्यावर हा हसला आणि सगळे याच्याकडे बघत राहिले. येवल्याच्या एका व्यापाऱ्याला "प्रकृती बरी ना?" एवढंच विचारलं, तर त्याने आपल्या मूळव्याधीची कुळकथा सांगितली. औषधासकट.

शेवटी वैतागून तो मंडपामागे गेला. रांजणाजवळ सावलीत एक बाई बसली होती. तिने त्याच्या कोटाकडे पाहिलं.

"तुमी शेठ हाय का?"

"नाही."

"मग बसा. शेठ असता तर मीच उठले असते."

तो बसला. बाईचं नाव चांगुणा. भिंगारची. घरात दोन माग, दोन्ही बंद.

"सूतच न्हाई म्हनत्यात," ती म्हणाली. "मालक छावनीत माती वाहायला जात्यात. विणनाऱ्याचा हात त्यो, पाटीनं पार सोलून निघालाय. राधाकृष्णशेठला इचाराया आले, तर म्हनले, सरकारला इचार. आता सरकार कुठं बसतं, मला काय ठावं?"

शमुवेल खाली मातीकडे बघत राहिला.

"तुमी लई कमी बोलता," चांगुणा म्हणाली.

"हो."

"बरं हाय. बोलनारे आत लई हायेत."

तेवढ्यात ते आलेच. राधाकृष्णशेठ, स्वागताध्यक्ष, छातीवर भलामोठा रेशमी बिल्ला. "अहो पाहुणे! इथं काय लपलात?" त्यांनी शमुवेलचा दंड पकडला आणि त्याला पुन्हा मंडपात ओढलं. दिसेल त्याच्यापुढे उभं करत ते सांगत सुटले, "हे आमचे पुण्याचे पाहुणे! बोलत नाहीत, पण ऐकतात बरं!"

"कुठली पेढी?" कुणीतरी विचारलं.

"मी..." शमुवेलने सुरुवात केली.

"मोठ्या पेढीची माणसं नाव सांगत नसतात," शेठनी परस्पर उत्तर दिलं आणि त्याला डोळा घातला.

प्रश्न मला आणि उत्तर मात्र हेच देणार! शमुवेलला संताप आला. पण आपल्याला बोलावं लागत नाही, एवढं एक सुख होतं. संधी मिळताच तो म्हणाला, "मागे एक बाई बसल्यात. भिंगारच्या. त्यांना सूत हवंय."

"त्यांना काय, रोजच हवं असतं. तुम्हांला किती हवं ते बोला."

शमुवेलला काय बोलावं ते सुचेना.

"भाव जास्त वाटतो?" शेठ आवाज खाली आणून म्हणाले. त्यांनी अजून भाव सांगितलाच नव्हता. "कमी करू की."

शमुवेल गप्पच.

"पक्के आहात! माल बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असंच ना? चला, दाखवतोच."

मंडपापासून जवळच, बोळाच्या टोकाला शेठचं गोदाम होतं. पुढे भुईमुगाच्या शेंगांची पोती रचली होती. शेठनी स्वतः दोन पोती बाजूला सारली. मागे आढ्यापर्यंत सुताच्या गासड्या होत्या.

"परवाना नको, पावती नको," शेठ म्हणाले. "रातोरात पुण्यात पोचवतो."

"हे विणकरांच्या वाट्याचं?"

"होतं. त्यांना देऊन काय मिळतं? सरकारी भाव! आणि विणकराचं काय अडतं हो? माग बंद पडला तर माती वाहतो, जगतो."

शमुवेलने एका गासडीवर तळवा टेकवला.

शेठचा धीर सुटला. "आतातरी बोला की राव! सकाळपासून मीच बडबडतोय. तुमच्यासारखा घुमा माणूस या धंद्यात टिकला कसा?"

शमुवेलने कोटाच्या आतल्या खिशातून शिट्टी काढली आणि छाती भरून फुंकली. बोळातून बूट धावत आले. मंडपापासून मागावर असलेले दोन हवालदार आत शिरले आणि टाचा जुळवून त्यांनी शमुवेलला कडक सलाम ठोकला.

"हुकूम, फौजदारसाहेब?"