दहाव्याचं गाणं

पिंडाला कावळा शिवत नव्हता.

ओंकारेश्वराच्या घाटावर कावळ्यांना काय तोटा? शेजारच्यांच्या पिंडावर तीन-तीन तुटून पडले होते. मंदाकिनीच्या पिंडाकडे मात्र एकही फिरकेना. भात उन्हात वाळायला लागला.

"काहीतरी इच्छा राहिलेली दिसते," गुरुजी म्हणाले. "काय ती लवकर आठवा. आपल्यामागे लोक खोळंबलेत."

मंदाकिनीचा भाऊ संपत हात जोडून पुढे झाला. "ताई, तुझ्या मुक्ताचं लग्न थाटात करू." कावळा हलला नाही. "ताई, तुझ्या नावानं अन्नदान करू." जिवंतपणी बहिणीला बघायला दवाखान्याची पायरी चढला नाही, आणि मेल्यावर तिला जेवणावळी देत होता.

बद्रीनाथ ओला पंचा नेसून उभा होता. बायकोचं काय राहिलंय ते त्याला ठाऊक होतं.

तो ऑर्केस्ट्रात गायचा. मध्यंतरी लॅटिन गाण्यांची लाट आली आणि अख्खं पुणं अचानक कंबर हलवायला लागलं. बद्रीनाथने एक कॅसेट झिजेपर्यंत ऐकून त्यातलं एक गाणं पाठ केलं. गाणारा सातासमुद्रापलीकडचा, भाषा स्पॅनिश. अर्थाशी देणंघेणं कुणाला? त्या गायकाने जिथे श्वास घेतला तिथेच हा घ्यायचा. शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज फाटायचा, म्हणून हाही फाडायचा. त्या जागेला हमखास शिट्ट्या पडत. लग्नात तेच गाणं, गणपतीत तेच, मग हिंजवडीच्या कंपन्यांच्या पार्ट्यांतही तेच. येरवड्याच्या दोन खोल्या त्या गाण्यावर चालल्या. त्याच नादाने मुलगी मुक्ता सदाशिव पेठेत जाऊन स्पॅनिश शिकली आणि परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या कंपनीत चिकटली.

मंदाकिनीला आधी ते गाणं सोसायचं नाही. "कसली ती वटवट," म्हणायची. पुढे अंथरुणाला खिळली आणि काय झालं कोण जाणे, तो कार्यक्रमाला निघाला की म्हणायची, "अहो, ते एकदा म्हणा, मग जा." तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणून टाकायचा. ती डोळे मिटून ऐकायची. बायकोशी दोन गोड शब्द बोलायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. गाणं म्हणायला काय जातं?

शेवटच्या संध्याकाळीही तिने तेच मागितलं. कंपनीचा मोठा कार्यक्रम होता. "आज घसा राखायचाय," तो म्हणाला आणि निघाला. तिथल्या पोरांनी एक कडवं कसंबसं ऐकलं. "काका, बास झालं, डीजे लावा." राखलेला घसा तसाच घेऊन तो घरी आला, तेव्हा मंदाकिनी गेली होती.

बद्रीनाथ पिंडासमोर मांडी घालून बसला आणि गायला लागला.

"दाजी, डोकं फिरलं का?" संपतने त्याचा दंड धरला. "नाचायची गाणी घाटावर? लोक बघतायत."

"बघू देत. तू अन्नदानाचं बघ."

शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज फाटला. पण नेहमीच्या जागी नाही, भलतीकडेच. शिट्टी कुणी मारली नाही.

कावळा उतरला. भातात चोच घातली, घास घेतला आणि नदीवरून उडून गेला. नातेवाइकांनी सुटल्यासारखे हात जोडले. गुरुजी म्हणाले, "चला, पुढचे या."

बद्रीनाथने डोळे पुसले. आई गेल्यापासून मुक्ता त्याच्याशी धड बोलली नव्हती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "एवढ्यासाठी अडली होती बघ. फार आवडायचा तिला त्याचा ठेका."

"ठेका?" मुक्ता म्हणाली. तिने आधी संपतमामाला लांब जाऊ दिलं. "जाऊ नकोस, तुझ्यावाचून मला घर नाही. एवढंच आहे त्या गाण्यात, बाबा. मी आईला सांगितला होता अर्थ. ती म्हणाली, त्यांना सांगू नकोस. कळलं तर म्हणायचे नाहीत."