तिसरा भोंगा

पूरनियंत्रण कक्षात शिणलेले डोळे चोळता चोळता तिला चूक अखेर सापडली. नदीवरचे यंत्र पाण्याची उंची एक्सएमएल या संगणकी मांडणीतून पाठवीत असे: आकडा टॅग नावाच्या दोन कंसांच्या आत, आणि तो फुटांतला असल्याची खूण टॅगवरच्या जादा नोंदीत, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. तिने लिहिलेली संगणकाची स्क्रिप्ट नुसता आकडा वाचत होती. फूट मीटर समजले गेले, आणि नदीकाठच्या गावात भोंगा दोनदा उगाच वाजला.

अ‍ॅट्रिब्यूट वाचणारी ओळ तिने जोडली. आता जरा अंग टाकावे म्हणते तोच पडद्यावरची पट्टी लाल झाली. या खेपेला पाणी खरोखरच चढले होते.

भोंगा वाजला. तिने गावच्या पोलीसपाटलांना फोन केला. “गाव हलवा, पाटील.”

“बाई, दोनदा आईला पाठुंगळी घेऊन टेकडी चढलो आणि वर ऊन खात बसलो. आता कुणी उठायचं नाही.”

“चूक माझी होती. दुरुस्त केलीय.”

“ते आम्हाला इथून कसं दिसायचं?”

दमलेल्या हाताने तिने जीपची किल्ली उचलली. “मग पूल ओलांडून मीच तिथं येऊन बसते. तुम्ही उठाल तेव्हाच उठेन.”



“पुलावरून येऊ नका, बाई,” पाटलांचा आवाज बदलला होता. “आम्ही निघतो.”