तुलनेपुरते आजोबा

एकटेपणावर उपाय शोधायला संशोधक इंग्रिडने डुलुथ शहरातल्या म्हाताऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला रोज गप्पांचा फोन. दुसऱ्याला काहीच नाही; फक्त तुलनेसाठी महिन्यातून एकदा ती घरी जाऊन एकटेपणा मोजणारा फॉर्म भरून घ्यायची. पण दुसऱ्या गटातल्या ऑर्व्हिल आजोबांचा एकटेपणा दर महिन्याला कमीच होत चालला होता.

“आजोबा, कुणी येतं का हो तुमच्याकडे?”

“येते की एक पोरगी. प्रश्न विचारून डोकं खाते, पण तिच्यासाठी केक करण्यात माझे चार दिवस मजेत जातात,” म्हणत त्यांनी ब्लूबेरीचा केक तिच्यापुढे सरकवला.

इंग्रिडचं पेन थांबलं.



तुलनेच्या गटातल्या माणसाला सोबत मिळाली, की त्याचं नाव अभ्यासातून काढायचं आणि पुन्हा त्याच्या घरी जायचं नाही, हा नियम तिनेच लिहिला होता.