बारीक अक्षरातली ओळ

निष्कर्ष

"फळथांब मारा नाहीतर साधं पाणी मारा, संत्र सारखंच गळते!"

चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात तुबा रिकाम्या कॅरेटवर उभी राहून बोलत होती. हातात छोटा माईक, कमरेला त्याच्या स्पीकरचा डबा. शोधनिबंधात निष्कर्ष शेवटी येतो. इथे शेवटपर्यंत कोणी थांबलं नसतं. म्हणून तिने तो आधी सांगितला. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली होती. याच आठवड्यात लोक ती थांबवायला फळथांब औषधाच्या बाटल्या नेणार होते.

पद्धत

अर्ध्या झाडांवर औषध, अर्ध्यांवर पाणी. कोणत्या पंपात काय आहे, हे फवारणाऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मग खाली पडलेली फळं मोजली.

"म्हंजे मजूरच फसवला म्हना की," खुशालराव म्हणाले. त्यांची संत्र्याची बाग होती. लोक हसले.

"हो काका. त्याले माहीत असतं, तं त्यानं औषधाच्या झाडाले जास्त जीव लावला असता."

"अन् हे छापलं कुठं?"

"इंटरनेटवर. कोणालेबी वाचता येते. पैसे लागत नाही."

"कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत."

"मंग फुकटच गेलं ना!"

तुबाही हसली. "म्हणूनच तं इथं आली."

मर्यादा

त्याच दिवशी सकाळचा चहा. समोर अब्बा. त्यांचं कृषी केंद्र बाजाराच्या टोकाला. फळथांब तेही विकत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातलं तुबाचं सगळं शिक्षण त्याच दुकानावर झालं.

"अब्बा, आज मैं बाजार में बोलूंगी."

बद्रुद्दीननी टोस्ट चहात बुडवला. तो तुटून कपात पडला. त्यांनी काढला नाही.

"दुकान का नाम लोगी?"

"नहीं."

टोपी घालून ते निघून गेले. परवानगी की राग, तिला कळलं नाही.

चर्चा

"ते सारं ठीक," खुशालराव म्हणाले. "पण तू कोणाची वं बाई?"

वऱ्हाडात हा प्रश्न चुकत नाही. शोधनिबंधातही चुकत नाही: या निकालात तुमचा, तुमच्या घरच्यांचा काही नफा-तोटा आहे का? तुबाने तिथे खरं लिहिलं होतं. अगदी शेवटी, बारीक अक्षरात, इंग्रजीत. जगात कोणालाही ती ओळ वाचता येत होती. चांदूर बाजारात कोणी वाचली नव्हती.

"कोणाची, म्हणता?" ती माईकमध्ये म्हणाली. "फळथांब गावात पाच-सहा दुकानांत भेटते. त्यातलं एक माह्या घरचं हाय."

खुशालराव पुढे सरकले.

"कोणतं?"

"नाव नाही घेत. शब्द देला हाय."

"पाह्य!" मागून कोणीतरी ओरडलं. "दुसऱ्या कंपनीनं पाठवली हिले. चला रे!"

माणसं वळू लागली. माईक खरखरला आणि बंद पडला. तुबा कॅरेटवरून उतरली नाही. तिने माईक खाली ठेवला आणि तोंडाने ओरडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अर्धी झाडं. साधं पाणी.

तेवढ्यात जाहिरातीचा ऑटो बाजारात घुसला. टपावर भोंगा. भोंग्यात अब्बांचा आवाज: "संत्र गळते? फळथांब आना!" तुबाचा आवाज त्याखाली गेला. ऑटो सकाळी एक फेरी मारून गेला होता. दुसरी फेरी तो कधीच मारत नसे.

म्हणजे राग होता तर.

तिने घसा खाकरला आणि आणखी मोठ्याने बोलू लागली. पाठमोऱ्या माणसांशी.

हितसंबंध

ऑटो कॅरेटला खेटून थांबला. रेकॉर्डिंग बंद झालं. ड्रायव्हरच्या शेजारून बद्रुद्दीन उतरले. भोंग्याचा माईक त्यांनी वायरसकट बाहेर ओढला. एकदा पोरीकडे पाहिलं, मग बाजाराकडे.

"मी बद्रुद्दीन. फळथांब मी विकतो." भोंगा भाजीच्या शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू गेला. "कोणाची पोरगी, म्हणून कोण इचारून राहिलं होतं? माही हाय. आता आयका तिचं."