द्राहोमीराच्या किल्ल्या

एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात द्राहोमीराने ख्रुदिम शहराच्या चौकात हजारो लोकांबरोबर घराच्या किल्ल्या खुळखुळवल्या होत्या. सत्तेतल्या कम्युनिस्टांना सांगणं एकच होतं, 'वेळ संपली, आता घरी जा!' आणि ते खरंच गेले. मग तिने आपल्या स्वयंपाकघरात उजव्या विचारांच्या नव्या पक्षाची ख्रुदिम शाखा काढली.

आज त्याच शाखेचा अध्यक्ष निवडायचा होता. बिल्डर रादोवानने बस भरून चाळीस 'नवे सदस्य' आणले होते आणि ते गुलाशवर, म्हणजे मांसाच्या रश्श्यावर, तुटून पडले होते.

"कुठल्या पक्षात आलायस, बाबा?" तिने शेजारच्याला विचारलं.

"ते बसवाल्याला विचारा, मावशी. ब्रेड सरकवा जरा इकडे."

"माझ्या बाजूचे, हात वर!" रादोवान ओरडला. रश्श्याने बरबटलेले चाळीस हात एका झटक्यात वर गेले, अगदी कम्युनिस्टांच्या सभेत जायचे तसेच. द्राहोमीराने उभं राहून पर्समधून किल्ल्या काढल्या आणि जीव खाऊन खुळखुळवल्या.

चाळीस माना तिच्याकडे वळल्या.

 

"अरे, आजीबाईंना घरी जायचंय वाटतं," रादोवान हसला. "दार उघडा रे कुणीतरी!"